नख

एर्मेलिंदबाईंनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा श्रावण होता.
मी म्हटलं, पावसात लाख धरत नाही,
ओल आत कोंडते, पॉलिश दुधाळ होतं.
मार्गशीर्षात येते.

कुडतरीला, तळ्याच्या वरच्या अंगाचं घर.
बारा जणांचं शिसवी मेज,
त्याच्या एका टोकाला, किनारीवर, एकाच उंचीच्या
चाळीसेक रेघा.
चाकांच्या खुर्चीचे हात
सात वर्षं, दिवसातून दोनदा,
जेवायला येऊन तिथं आदळले.
मे महिन्यात खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली.
"सगळं घालव," बाई म्हणाल्या,
"नाताळाला लेक येते."

मी आधी नख फिरवते.
उजेड बदलला की डोळा फसतो,
नख फसत नाही.
ते अडलं नाही तर ओरखडा नुसता पॉलिशचा,
स्पिरिटच्या बोळ्यानं जुनीच लाख विरघळते
आणि आपली आपण भरून येते.
अडलं, तर लाकूड गेलं.

त्यातही दबलेलं वेगळं, कापलेलं वेगळं.
दबलेल्यावर ओलं फडकं ठेवायचं, वर गरम इस्त्री,
की रेषा पाणी पितात, अंग उचलतात.
कापलेलं उठत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही.
बाबा मुलांना शिकवायचे, शेजाऱ्यांच्या सुद्धा,
मी नुसता दिवा धरायची.
अजून फोन येतो: भिको मेस्तांचा नंबर का?
हो म्हणते. ते नाहीत, हे तिथं गेल्यावर सांगते.

चिमणीवर सुरी तापवली,
लाखेची कांडी टेकवून थेंब थेंब रेघेत सोडला.
मग बुचाच्या ठोकळ्यावर कागद, कागदाला तेल.
घाई केली की शेजारचं चांगलं लाकूडही घासलं जातं.
तीन दिवस तेच.

चौथ्या दिवशी वरची फळी पुसताना
जुन्या पॉलिशखालून एक रेघ वर आली,
वीतभर, लालसर.
शिसम वर्षांनी फिकटतं, भरणी फिकटत नाही,
म्हणून लपवलेलं असं म्हातारपणी दिसू लागतं.
तो लाल मला ठाऊक होता.
देवळाच्या कावीतून उरलेला हुरमुंज,
बाबा चिमूटभर लाखेत कालवायचे.
वर खारीच्या केसांच्या कुंचल्यानं ओढलेल्या खोट्या रेषा,
सगळ्या उजवीकडे कललेल्या.
डावखुरे होते.

"ही कुणी केली?" मी विचारलं.
बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ काही नाही.
"मी," म्हणाल्या. "काट्यानं.
लग्नाला दोन वर्षं झाली होती.
सकाळी उठून माहेरी गेले, राशोलला.
महिन्यानं परत आले तर रेघ नव्हती.
मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.
मला वाटत राहिलं,
मी ती स्वप्नात मारली असेल."

आत किटली शिट्टी घालत होती.
त्या उठल्या नाहीत.

"म्हणजे तुझा बाप येऊन गेला होता तर."

बाबा घरी येऊन कधी बोलले नाहीत.
कुणाचं मेज, कुठला ओरखडा, काही नाही.
हात मात्र तीनतीनदा धुवायचे,
तरी जेवताना भाताला लाखेचा वास.

"रंग जुळवू?" मी विचारलं. "कळणारसुद्धा नाही."
त्यांनी उत्तर दिलं नाही.
मीही परत विचारलं नाही.
पुरचुंडी स्पिरिटमध्ये बुडवली, पिळली,
आठाचा आकडा काढत काढत टोकाकडून आले,
त्या रेघेवरूनही गेले,
थांबले नाही, दाबलंही नाही.

मजुरी साडेचार हजार ठरली होती.
बाईंनी पाच दिले, सुटे नव्हते म्हणून,
आणि वर चार नारळ.

चपला घालताना वळून पाहिलं.
खिडकीतलं तिरपं ऊन मेजावर पडलं होतं.
किनार स्वच्छ.
बाई मधल्या खुर्चीत बसून
त्या लाल रेघेवर नख फिरवत होत्या,
एकदा, उलट, परत एकदा.

"लागत नाही गं," म्हणाल्या,
जशी काही तक्रारच.